वाचन कोणाचें मानावें? कान्हेरीच्या लेखांवरून कांहीं विचार

एखादा ताम्रपट, सनद अथवा पोथी संग्राहकाच्या हातीं आली म्हणजे तींत काय लिहिलें आहे याच्याही आधीं बहुधा दुसराच प्रश्न निघतो: ‘तज्ज्ञांचें मत काय पडलें?’ मत अनुकूल पडलें तर वस्तूची किंमत वाढते, तिची नोंद होते, ती कांचेच्या कपाटांत जाते. प्रतिकूल पडलें तर ती माळ्यावर पडून राहते, आणि कधीं कधीं मोडींतही जाते. तज्ज्ञ कोण, असें विचारल्यास उत्तर सहसा त्याच्या पदवीवरून किंवा तो ज्या आसनावर बसला आहे त्यावरून दिलें जातें. एवढा अधिकार आपण ज्याच्या शब्दास देतों तो त्याच्या पदवीमुळें द्यावा, कीं दुसऱ्या कशामुळें, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

असा विचार उदाहरणावांचून केल्यास तो पोकळ ठरतो. म्हणून आम्ही मुंबईच्या उपनगरांतीलच एक स्थळ घेतों. बोरिवलीच्या पूर्वेस, आज ज्यास संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात त्या अरण्यांत, कान्हेरीचा डोंगर आहे. जुन्या साष्टी बेटाचा हा मध्यभाग. येथें शंभरांहून अधिक लेणीं असून, डोंगराचें ‘कृष्णगिरि’ हें नांव तेथील लेखांतच आलें आहे. कल्याण, सोपारा, नाशिक अशा गांवांच्या व्यापाऱ्यांनीं व गृहस्थांनीं दिलेल्या देणग्यांचे प्राकृत लेख ब्राह्मी लिपींत आहेत. त्यांच्या पाठोपाठ संस्कृत लेख आहेत. आणि एका लेण्यांत पह्लवी अक्षरेंही आहेत. आमच्या कामास हें स्थळ विशेष उपयोगी पडण्याचें कारण असें कीं, एकोणिसाव्या शतकांत येथील अक्षरांवरून एक वैद्य, एक पाद्री, एक स्थापत्यविशारद, एक पदवीहीन पंडित आणि एक विद्यापीठीय प्राध्यापक, अशा पांच प्रकारच्या माणसांची नजर फिरली. त्यांचें काम छापलेलें आहे. कोणाचें टिकलें व कोणाचें गळालें, हें ताडून पाहण्याची अशी सोय अन्यत्र क्वचित् मिळते.

प्रथम वैद्यांकडे वळूं. डॉ. जेम्स बर्ड हे मुंबई सरकारच्या वैद्यकीय खात्यांतील अधिकारी असून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीस होते. इ. स. १८३९ मध्यें त्यांनीं कान्हेरीचा एक मोठा स्तूप वरून खालपर्यंत उकलविला. तळाशीं एका पोकळ वाटोळ्या दगडांत तांब्याचे दोन लहान कलश निघाले. एकांत राख, माणिक, मोतीं, सोन्याचे तुकडे आणि सोन्याची एक डबी; दुसऱ्यांत राख व रुप्याची डबी. कलशांबरोबर लेख असलेले ताम्रपत्रे होते. बर्ड यांनीं त्यांची आकृति छापिली आणि आपलें वाचनही दिलें. तें वाचन पुढें टिकलें नाहीं. आज कान्हेरीचा कोणताही अभ्यासक त्याचा आधार घेत नाहीं.

परंतु त्यांनीं छापिलेली आकृति टिकली, आणि हीच गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मूळ ताम्रपत्रे पुढें नाहींसे झाले. त्यानंतर जें कांहीं वाचलें गेलें तें बर्ड यांच्या आकृतीवरून. त्या आकृतीच्याच आधारें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं नवें वाचन केलें आणि तें १८८१ सालीं कान्हेरीच्या इतर लेखांबरोबर प्रसिद्ध झालें. त्रैकूटकांच्या राज्याचें २४५ वें वर्ष, म्हणजे इ. स. ४९४-९५, कृष्णगिरीचा महाविहार, सिंधुदेशांतील कनक नांवाच्या गांवचा बुद्धरुचि, आणि शारद्वतीपुत्राच्या, म्हणजे बुद्धाच्या अग्रशिष्य सारिपुत्ताच्या नांवें त्यानें उभारलेला चैत्य, एवढी माहिती त्यावरून हातीं आली. बर्ड यांनीं केवळ आपलें वाचन छापून आकृति गाळली असती, तर बुद्धरुचि आपणांस कायमचा अंतरला असता. त्यांचा अधिकार त्यांच्या मतास तारूं शकला नाहीं. त्यांच्या आकृतीनें मात्र त्यांच्या चुकीची दुरुस्ती शक्य केली.

दुसरे, रेव्हरंड डॉ. जॉन स्टीव्हन्सन. यांची योग्यता लहान नव्हती. त्यांचें मराठी व्याकरण १८३३ सालीं प्रसिद्ध झालें होतें. संस्कृताचे ते जाणते होते. मुंबई शाखेचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. लेण्यांच्या अभ्यासाकरितां १८४८ सालीं मुंबईस जें मंडळ नेमलें गेलें त्यांतही ते होते. लेफ्टनंट ब्रेट या लष्करी अधिकाऱ्यानें लेण्यांतील लेखांच्या प्रती उतरविल्या होत्या, त्यांवरून स्टीव्हन्सन यांनीं कान्हेरीच्या व सह्याद्रींतील इतर लेण्यांच्या लेखांचीं भाषांतरें केलीं. पुढच्या पिढीला तीं बहुतेक सर्व नव्यानें करावीं लागलीं.

त्यांची चूक कोणत्या जातीची होती हें कळण्यास कार्ल्याच्या लेण्यांतील एक शब्द पुरेसा आहे. तेथील खांबांवर ‘धेनुकाकट’ हें नांव पुनःपुन्हां येतें. स्टीव्हन्सन यांनीं तें एका ग्रीक पुरुषाचें, झेनोक्राटीसचें, नांव मानलें. त्यांना ग्रीक येत होतें, म्हणून ग्रीक नांव दिसलें. आतां त्याच खांबांवरील इतर शब्द पाहिले तर त्या नांवाबरोबर एके ठिकाणीं गंधाचा व्यापारी आहे, दुसऱ्या ठिकाणीं सुतार आहे, आणि अनेक ठिकाणीं निरनिराळ्या नांवांचे यवन आहेत. एकच पुरुष इतकीं नांवें व इतके धंदे धारण करील कसा? ‘धेनुकाकट’ हें गांव असून हे सर्व तेथून आलेले दाते होत, हें यावरून उघड होतें. हा निर्णय करण्यास पदवी लागत नाहीं. सर्व लेख शेजारीं शेजारीं मांडून पाहण्याचा धीर लागतो. विद्वान् माणसाची चूक बहुधा अज्ञानांतून होत नाहीं. आपल्याला जें येतें तेंच समोर आहे असें वाटण्यांतून ती होते.

तिसरे गृहस्थ एडवर्ड विल्यम वेस्ट. लंडनच्या किंग्ज कॉलेजांत यांचें शिक्षण झालें तें स्थापत्याचें. इ. स. १८४४ मध्यें ते मुंबईस कापसाचे गठ्ठे दाबण्याच्या कारखान्यावर देखरेख करण्यास आले, आणि पुढें ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते झाले. घाटकोपर व मुलुंड ज्या लोहमार्गावर वसलीं तो हाच. प्राच्यविद्येची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. त्यांनीं कान्हेरीचे लेख नव्यानें, अक्षर अक्षर पाहून, उतरविले आणि त्या प्रती १८६१ च्या सुमारास मुंबई शाखेच्या नियतकालिकांत छापिल्या. ब्रेटच्या प्रतींवरून झालेल्या कामाचा पाया किती कच्चा होता, तें त्यानंतर कळूं लागलें.

वेस्ट यांच्या वर्तनांतील एक विशेष आम्हांस फार मोलाचा वाटतो. त्यांनीं उतरविलेल्या लेखांत पह्लवी लेखही होते. ते त्यांनीं लगेच वाचून दाखविले नाहींत. पुण्याच्या कॉलेजांत संस्कृताचें अध्यापन केलेले डॉ. मार्टिन हौग यांच्या सहवासांत, पुढें म्यूनिकला राहून, त्यांनीं पह्लवी भाषेचा अभ्यास वर्षानुवर्षें केला. आणि प्रती घेतल्यापासून सुमारें वीस वर्षांनीं, १८८० सालीं, ते लेख वाचून प्रसिद्ध केले. लेण्यांस भेट देण्यास आलेल्या पारशी गृहस्थांचीं तीं नांवें होतीं, आणि यझदगर्दी ३७८ व ३९० हीं वर्षें, म्हणजे इ. स. १००९ व १०२१, त्यांवर होतीं. जें येत नाहीं तें उतरवून ठेवावें, व येऊं लागल्यावर वाचावें, हा संयम आम्ही कोणत्याही पदवीहून मोठा समजतों. म्यूनिकच्या विद्यापीठानें १८७१ सालीं वेस्ट यांस सन्माननीय पदवी दिली. ती कामाच्या मागून आली.

भगवानलाल इंद्रजी यांचीही गोष्ट अशीच. बर्ड यांनीं स्तूप उकलला त्याच १८३९ सालीं त्यांचा जन्म जुनागडास झाला. प्रिन्सेपनें सिद्ध केलेल्या ब्राह्मी अक्षरांचा तक्ता हातीं धरून त्यांनीं लहान वयांतच गिरनारचा शिलालेख लावण्याचा उद्योग आरंभिला. डॉ. भाऊ दाजी यांनीं त्यांस मुंबईस बोलाविलें, आणि १८७४ सालीं भाऊंचा अंत होईपर्यंत ते त्यांच्याकरितां देशभर हिंडून लेखांचे ठसे व नकला आणीत राहिले. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजाचे पहिल्या तुकडीचे पदवीधर. नगरांत त्यांचा मोठा मान. भगवानलालांस इंग्रजीत लेख लिहितां येत नसे. ते गुजरातींत लिहीत आणि दुसरे भाषांतर करीत. तथापि १८८२ सालीं सोपाऱ्याचा स्तूप त्यांनींच उकलला, आणि लायडनच्या विद्यापीठानें त्यांस सन्माननीय पदवी दिली ती अखेरच्या वर्षांत. १८८८ मध्यें त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या वाचनांतही पुढच्या पंडितांनीं सुधारणा केल्या. पण त्या सुधारणा करतां आल्या, याचें श्रेय त्यांनीं मूळ अक्षरें नीट पुढें ठेवलीं यास आहे.

येथवर वाचून कोणी असें अनुमान काढील कीं, पदवीधर चुकतात आणि पदवीहीन बरोबर ठरतात. हें अनुमान पहिल्या भ्रमाहूनही घातक होय. प्रत्येक पदवीहीन मनुष्य भगवानलाल नसतो. स्वयंघोषित संशोधकांचा मोठा वर्ग असा असतो कीं, ज्यास विरोध झाला म्हणजे तोच आपल्या खरेपणाचा पुरावा वाटतो. म्हणून पांचव्या माणसाकडे, म्हणजे प्राध्यापकाकडे, वळणें न्याय्य आहे.

डॉ. फ्रांट्स कीलहॉर्न हे १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृताचे प्राध्यापक होते व नंतर गॉटिंगेनच्या विद्यापीठांत गेले. पदवी, आसन, कीर्ति, सर्व कांहीं त्यांच्यापाशीं होतें. कान्हेरीचे राष्ट्रकूट-शिलाहार काळांतील तीन लेख त्यांनीं १८८४ सालीं संपादिले. त्यांपैकीं एक शिलाहार कपर्दीच्या वेळचा असून, गौड देशांतून आलेल्या अविघ्नाकर नांवाच्या उपासकाच्या शंभर द्रम्मांच्या देणगीचा आहे. त्यावर शके ७७५, प्रजापति संवत्सर, आश्विन वद्य द्वितीया, बुधवार, असा काळ कोरला आहे. कीलहॉर्न यांनीं दाखविलें कीं शक आणि संवत्सर यांचा मेळ बसत नाहीं. खरा शक ७७३ असला पाहिजे आणि तो दिवस इ. स. ८५१ च्या सप्टेंबरची १६ तारीख होय.

दगडावर स्पष्ट कोरलेला आंकडा एका प्राध्यापकानें चूक ठरवावा, हें धाडस दिसतें. पण येथें त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचें कारणच पडत नाहीं, कारण ज्याच्या घरीं पंचांग आहे असा कोणीही हें गणित करूं शकतो. शके १९०९, म्हणजे इ. स. १९८७-८८, हें प्रभव संवत्सर होतें. १९०९ यांस ६० नीं भागिलें असतां ४९ उरतात. म्हणून दक्षिणेकडील गणनेप्रमाणें ज्या शकास ६० नीं भागून ४९ उरतील तो प्रभव. प्रजापति हा प्रभवापासून पांचवा, म्हणून त्याची बाकी ५३. आतां ७७५ यांस ६० नीं भागिल्यास बाकी ५५ येते; तें श्रीमुख संवत्सर झालें, प्रजापति नव्हे. बाकी ५३ येते ती ७७३ ची. वाराचें गणितही त्याचीच साक्ष देतें. ८५१ च्या सप्टेंबरची १६ तारीख बुधवारींच पडते. कोरणाऱ्यानें शकाचा आंकडा चुकविला, परंतु संवत्सर व वार बरोबर लिहिले. कीलहॉर्न येथें विश्वासास पात्र ठरतात ते प्राध्यापक म्हणून नव्हेत. आपल्या निर्णयाच्या सर्व पायऱ्या त्यांनीं वाचकाच्या हातीं दिल्या, म्हणून.

या पांच माणसांवरून आमचा सिद्धांत असा बनतो: पदवी ही माणसाचें म्हणणें ऐकून घेण्याची शिफारस आहे, मान्य करण्याची नव्हे. ज्यानें परीक्षा दिली आहे, ज्याचें काम इतर जाणत्यांनीं तपासलें आहे, त्याचें मत आधीं विचारावें हें योग्यच. पण मान्यता त्या मताबरोबर आलेल्या पुराव्यास द्यावयाची असते. पुरावा नसेल तर मोठ्या नांवाचें मत आणि लहान नांवाचें मत यांत फरक एवढाच कीं, पहिलें चुकीचें निघाल्यास नुकसान अधिक होतें.

हें नुकसान कसें होतें याचा एक दाखला परदेशांतील आहे, आणि हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं तो पाठ करून ठेवावा. इ. स. १९८३ च्या एप्रिलांत जर्मनींतील ‘स्टर्न’ साप्ताहिकानें हिटलरच्या दैनंदिन्या सांपडल्याचें जाहीर केलें. इंग्लंडचे विख्यात इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर, ज्यांनीं ऑक्सफर्डांतील इतिहासाचें मानाचें आसन भूषविलें होतें आणि हिटलरच्या अखेरच्या दिवसांवर प्रमाणभूत ग्रंथ लिहिला होता, त्यांनीं त्या खऱ्या असल्याचा निर्वाळा दिला. थोड्याच दिवसांत त्यांस स्वतःलाच शंका आली. आणि मे महिन्याच्या आरंभीं जर्मन सरकारच्या दफ्तरखान्यानें त्या बनावट ठरविल्या. कागदांत असें शुभ्रकारक द्रव्य होतें कीं तें महायुद्धानंतरच वापरांत आलें. त्याच्या आधीं हस्ताक्षरतज्ज्ञांनींही अनुकूल मत दिलें होतें. तें कसें? त्यांच्यापुढें तुलनेकरितां जे ‘अस्सल’ नमुने ठेवले गेले त्यांतील कांहीं त्याच बनावट करणाऱ्या कोन्राड कुयाऊच्या हातचे होते! दोन्ही अक्षरें जुळलीं यांत नवल नाहीं. हस्ताक्षर एकाचेंच होतें. फक्त तें हिटलरचें नव्हतें. तज्ज्ञांचें कौशल्य खोटें नव्हतें. आपल्यापुढें आलेला नमुना आला कोठून, हें कोणी विचारलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ‘सर्वांनींच सर्व तपासावें, हें शक्य आहे काय? पह्लवी शिकण्यास वीस वर्षें लागतात. दुकान, नोकरी, संसार सांभाळून संग्रह करणाऱ्यानें काय करावें?’ आक्षेप रास्त आहे. विश्वासावांचून विद्या चालत नाहीं. आम्हीही या लेखांत बुद्धरुचीचें गांव सांगितलें तें दुसऱ्यांच्या वाचनावर विसंबून. परंतु ज्याला अक्षर वाचतां येत नाहीं त्यालाही कांहीं प्रश्न विचारतां येतात, आणि उत्तरांवरून विश्वासाचें माप ठरवितां येतें.

मत देणाऱ्यानें मूळ वस्तु पाहिली, कीं दुसऱ्याची नक्कल? स्टीव्हन्सन यांचें काम येथेंच सैल पडलें. वाचनाबरोबर ठसा किंवा छायाचित्र दिलें आहे काय? बर्ड यांचें काम यामुळेंच वांचलें. झिजलेलीं अक्षरें व अनुमानानें भरलेलीं अक्षरें वेगळीं दाखविलीं आहेत काय, कीं सर्व लेख एकाच ठामपणें छापला आहे? तज्ज्ञाची पदवी ज्या विषयांतील आहे तोच विषय पुढें आहे काय? देवनागरी पोथ्यांचा जाणता मोडी कागदाविषयीं बोलूं लागला तर त्याचें मत त्या कागदापुरतें नवशिक्याचेंच समजावें. तुलनेचे नमुने स्वतंत्र ठिकाणाहून आले आहेत काय? वस्तु विकली गेल्यास त्यांत मत देणाऱ्याचा कांहीं लाभ आहे काय? आणि अखेरचा प्रश्न: ‘ठाऊक नाहीं’ असें हा मनुष्य कधीं म्हणतो काय? वेस्ट यांनीं तें वीस वर्षें मौनानें म्हटलें होतें. या प्रश्नांनीं ज्यास राग येतो, त्याच्या पदव्या कितीही असोत, त्याच्या हातीं वस्तु देण्यापूर्वीं थांबावें. खरा जाणता या प्रश्नांनीं प्रसन्न होतो, कारण ते त्यानें स्वतःला आधींच विचारलेले असतात.

छापलेल्या पोथीचीही हीच कथा. साष्टी व माहीमच्या इतिहासाकरितां आपण जिचा वारंवार उपयोग करतों ती ‘महिकावतीची बखर’ इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केली. प्रस्तावनेंत त्यांनीं मोठे सिद्धांत मांडिले. ते सर्व सर्वांनीं मानावे असें नाहीं. पण त्यांनीं मूळ पाठ छापिला, यामुळें त्यांच्याशीं वाद करावयाचें हत्यार त्यांनींच आपल्या हातीं दिलें.

या विवेचनाचा उपनगरांतील संग्राहकांशीं फार निकटचा संबंध आहे. साष्टीच्या जुन्या गांवठाणांतून शिलाहार व यादव काळचे गद्धेगाळ, वीरगळ आणि लेख असलेले दगड अद्यापि निघतात. कांहीं देवळाच्या पायरीस लागलेले असतात, कांहींवर शेंदराचे थर असतात, कांहीं इमारतीच्या पायाच्या खणतींत वर येतात आणि राडारोड्याबरोबर जातात. अशा दगडाविषयीं एखाद्या मान्यवरानें उभ्याउभ्या ‘यांत विशेष कांहीं नाहीं’ असें म्हटलें, तर त्या दगडाचें आयुष्य तेथेंच संपण्याचा संभव असतो. आणि दगड गेल्यावर तें मत बरोबर होतें कीं चूक, हें ठरविण्यास कोणताच मार्ग उरत नाहीं.

म्हणून आमची विनंति एवढीच आहे. वस्तु सांपडली कीं मत घेण्यापूर्वीं तिचा ठसा घ्यावा. ती कोठें, कोणत्या स्थितींत, केव्हां सांपडली हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. छायाचित्र घेतांना शेजारीं मापपट्टी ठेवावी. आणि ही सामग्री एकापेक्षां अधिक ठिकाणीं ठेवावी. मग खुशाल मोठ्यांत मोठ्या पंडिताकडे जावें, त्याचें म्हणणें आदरानें ऐकावें, आणि त्याच्या वाचनाशेजारीं आपला ठसा जपून ठेवावा. कान्हेरीचे ताम्रपत्रे गेले, बर्ड यांचें वाचन गेलें. परंतु आकृति राहिली, म्हणून सिंधुदेशच्या बुद्धरुचीचें नांव आज आपणांस घेतां येतें.